टोयोटाचे २००९-१० मधील रिकॉल : दर्जाच्या लौकिकाचा एक प्रकरण अभ्यास

१९८९ सालच्या डिसेंबरात, लेक्सस हा टोयोटाचा नवा महागडा ब्रँड अमेरिकेत विक्रीला येऊन अवघे काही महिने झाले असताना, त्यांच्या एलएस ४०० या गाडीच्या मागील उंचावरच्या ब्रेकलाइटबद्दल आणि क्रूझ कंट्रोलबद्दल मोजक्या तक्रारी आल्या. कंपनीने त्या किरकोळ ठरवून बाजूला सारल्या नाहीत. तोवर विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या तिने सरसकट दुरुस्तीसाठी परत मागवल्या आणि अवघ्या २० दिवसांत काम उरकले. अनेक ठिकाणी मेकॅनिक मालकाच्या घरी गेले आणि गाडी परत देताना ती धुऊन, पेट्रोलची टाकी भरून दिली. एरवी नव्या ब्रँडची सुरुवातच काळवंडून टाकू शकणारी ही घटना लेक्ससच्या बाबतीत उलटी ठरली आणि ग्राहकाची एवढी काळजी घेणारी कंपनी अशी तिची ख्याती झाली.

वीस वर्षांनी त्याच कंपनीला त्याच देशात ८० लाखांहून अधिक गाड्यांचे रिकॉल करावे लागले आणि तिच्या दर्जाविषयीच्या विश्वासाला तिच्या इतिहासातला सर्वांत मोठा तडा गेला. रिकॉल झाले की कंपनीची पत जाते, हे सरसकट विधान या दोन घटना शेजारी ठेवल्यावर टिकत नाही. गाड्यांची संख्या आणि दोषाची गंभीरता यांत फरक होताच, आणि दुसऱ्या प्रकरणात माणसे दगावली होती. तो फरक कोणी कमी लेखू नये. तरीही २००९-१० ची कागदपत्रे पाहता लौकिकाचे नुकसान प्रामुख्याने दोन गोष्टींनी झाले असे माझे मत आहे. दोष लोकांसमोर पहिल्यांदा कंपनीने आणला नाही, आणि कंपनीने दिलेले स्पष्टीकरण तिला पुन्हा पुन्हा बदलावे लागले.

लौकिक कशावर उभा होता

टोयोटाचा दर्जाचा दावा जाहिरातीतून जन्मलेला नव्हता. साकिची टोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे, म्हणजे सदोष कापड विणले जाण्यापूर्वीच यंत्र उभे राही. हेच तत्त्व पुढे ‘जिदोका’ या नावाने मोटार कारखान्यात आले. जुळणीच्या रांगेवरचा कोणताही कामगार दोष दिसताच डोक्यावरची अँडनची, म्हणजे दोषाचा इशारा देणाऱ्या व्यवस्थेची, दोरी ओढू शकतो, आणि दोष वेळेत दूर झाला नाही तर सबंध रांग थांबते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आज कायझेन (सतत सुधारणा), पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना), अँडन हे शब्द रोजच्या कामात ऐकू येतात. त्यांचा उगम याच पद्धतीत आहे. अडचण दिसली की ती झाकायची नाही, उलट काम थांबवून ती सर्वांना दिसेल अशी करायची, हा या पद्धतीचा गाभा.

२००० नंतरच्या दशकात या शिस्तीला वाढीच्या वेगाचा ताण जाणवू लागला. कंपनीने २००२ मध्ये जागतिक बाजारातील १५ टक्के वाटा हे उद्दिष्ट मनाशी धरले. त्यासाठी जगभर नवे कारखाने आणि नव्या गाड्या आल्या, आणि टोयोटाच्या पद्धतीत पुरेसे मुरलेले नसलेले पुरवठादारही जोडले गेले. २००८ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सला मागे टाकले आणि ती जगातील सर्वाधिक गाड्या विकणारी कंपनी झाली. हे स्थान जनरल मोटर्सकडे ७० वर्षांहून अधिक काळ होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा दर्जाचा विजय वाटत होता.

सँटी येथील अपघात आणि त्याआधीची दोन वर्षे

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोजवळच्या सँटी येथे एक लेक्सस ईएस ३५० ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने एका चौकात घुसली, दुसऱ्या वाहनावर आदळून रस्त्याखाली गेली आणि पेटली. गाडीतील चौघेही मरण पावले. चालक महामार्ग पोलीस दलातील अनुभवी अधिकारी होता. त्या दिवशी तो कामावर नव्हता. त्याची स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला असल्याने डीलरने ही गाडी तात्पुरती वापरायला दिली होती. अपघातापूर्वी गाडीतील एकाने आपत्कालीन क्रमांकावर फोन करून ॲक्सिलरेटर अडकला आहे, ब्रेक लागत नाहीत, असे सांगितले होते. हे संभाषण नंतर अमेरिकेतील घराघरांत ऐकले गेले.

तपासात आढळले की या गाडीत लेक्ससच्याच दुसऱ्या, मोठ्या गाडीची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि पेडलचे खालचे टोक तिच्या कडेत अडकले होते. तीच गाडी काही दिवस आधी वापरलेल्या एका ग्राहकालाही हाच अनुभव आला होता आणि गाडी परत करताना त्याने तो डीलरच्या स्वागतकक्षात सांगितलाही होता. ती तक्रार पुढे गेली नाही. कारखान्यातल्या कामगाराला दोरी होती. शोरूमच्या काउंटरवर मिळालेल्या धोक्याच्या इशाऱ्यासाठी तशी दोरी कोणाच्या हाती नव्हती, आणि मला या सबंध प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील हाच वाटतो.

मॅटची अडचण कंपनीला नवीन नव्हती. सप्टेंबर २००७ मध्ये कॅमरी आणि ईएस ३५० या गाड्यांसाठी विकलेल्या सुमारे ५५,००० मॅट तिने परत मागवल्या होत्या. पेडलची लांबी, त्याचा आकार आणि पेडल व फरशी यांतील अंतर यांना मात्र हात लावला नव्हता. पुढे अमेरिकी संसदेसमोर आलेल्या कंपनीच्या जुलै २००९ च्या एका अंतर्गत सादरीकरणात, हे प्रकरण मॅटपुरते मर्यादित ठेवून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाचवल्याची नोंद यशाच्या यादीत केलेली सापडली. हा कागद सँटीच्या अपघाताच्या जेमतेम दोन महिने आधीचा आहे. गाडीच्या दर्जाबद्दल कोणत्याही तज्ज्ञाने केलेल्या टीकेपेक्षा या एका ओळीने कंपनीचे अधिक नुकसान केले असावे.

बदलत गेलेली स्पष्टीकरणे

२९ सप्टेंबर २००९ रोजी टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाच्या बाजूची मॅट काढून ठेवण्याची सूचना केली. २ नोव्हेंबरच्या प्रसिद्धिपत्रकात तिने असे सूचित केले की मॅट योग्य असेल आणि नीट बसवलेली असेल तर गाडीत कोणताही दोष नाही, हे सरकारी यंत्रणेनेच मान्य केले आहे. दोनच दिवसांनी अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, हे निवेदन चुकीचे आणि दिशाभूल करणारे असल्याचे उघडपणे जाहीर केले. नियामकाने एखाद्या वाहन कंपनीला एवढ्या स्पष्ट शब्दांत खोडून काढणे सहसा घडत नाही. महिनाअखेरीस कंपनीला पेडल कापून आखूड करण्याचा आणि ब्रेक दाबताच ॲक्सिलरेटरचा आदेश रद्द करणारी ब्रेक ओव्हरराइड व्यवस्था बसवण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. ही व्यवस्था काही युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत आधीपासूनच होती.

मॅटची चर्चा थंडावत नाही तोच २१ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेत २३ लाख गाड्यांचे वेगळेच रिकॉल आले. या वेळी दोष पेडलमध्येच होता. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत केबल असे आणि तिचा ताण चालकाच्या पायाला जाणवत असे. पेडलचा आदेश विद्युत संकेतांनी इंजिनापर्यंत पोहोचवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये केबल गेली, म्हणून तशीच जाणीव राहावी यासाठी पेडलमध्ये घर्षण देणारी एक छोटी यंत्रणा बसवली जाते. इंडियाना राज्यातील सीटीएस या पुरवठादाराने बनवलेल्या पेडलमध्ये या यंत्रणेचे पृष्ठभाग झिजल्यावर आणि दमट हवेत एकमेकांना धरून राहत, त्यामुळे पाय उचलल्यावर पेडल सावकाश वर येई किंवा अर्ध्यावर थांबे. उपाय म्हणून त्या फटीत पोलादाची एक चिमुकली पट्टी बसवण्यात आली. सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे होते.

इतक्या साध्या दुरुस्तीचे प्रकरण एवढे का पेटले, याचे उत्तर तारखांमध्ये आहे. युरोपातील ग्राहकांच्या तशाच तक्रारी कंपनीपर्यंत पोहोचल्या होत्या आणि सप्टेंबर २००९ अखेर तिने युरोपातील वितरकांना दुरुस्तीच्या सूचनाही धाडल्या होत्या. अमेरिकेतील नियामकाला मात्र त्याच वेळी काही कळवले नव्हते. जानेवारीच्या मध्यात अमेरिकेतील जनसंपर्क विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सहकाऱ्यांना ईमेल पाठवून बजावले की गप्प राहून आपण ग्राहकांचे रक्षण करत नाही आणि आता लपवण्याचे दिवस संपले आहेत. पाच दिवसांनी रिकॉल झाले. म्हणजे धोक्याची जाणीव कंपनीत होती आणि ती स्पष्ट शब्दांत मांडणारी माणसेही होती, पण निर्णय जपानमधील मुख्यालयात होत आणि तिथवर हा आवाज वेळेत पोहोचत नव्हता.

२६ जानेवारीला टोयोटाने अमेरिकेत आठ मॉडेलांची विक्रीच थांबवली. पुढच्याच दिवशी मॅटच्या रिकॉलमध्ये आणखी सुमारे ११ लाख गाड्यांची भर पडली. फेब्रुवारीच्या आरंभी अमेरिकेचे वाहतूक मंत्री रे लाहूड यांनी अशा गाड्या चालवणे बंद करा, असे म्हटले आणि थोड्याच वेळात ते विधान मागे घेतले, पण व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता. जून २००९ मध्ये अध्यक्षपद स्वीकारलेले, संस्थापक घराण्यातील आकिओ टोयोदा ५ फेब्रुवारीला नागोया येथे सविस्तर पत्रकार परिषद घेईपर्यंत कंपनीचा चेहरा जवळपास अदृश्य होता. चार दिवसांनी प्रियस या टोयोटाच्या हायब्रिड गाडीच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरसाठी जगभरातील सुमारे ४,३७,००० गाड्यांचे रिकॉल जाहीर झाले. प्रियसचा दोष तुलनेने सौम्य होता. दुसऱ्या वर्षी तो आतल्या पानावरची बातमी ठरला असता, त्या आठवड्यात मात्र जे लोकांना आधीच वाटू लागले होते त्याला त्याने दुजोरा दिला.

२४ फेब्रुवारीला आकिओ टोयोदा अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उभे राहिले. कंपनीची वाढ फार वेगाने झाली असावी आणि सुरक्षितता आधी, मग दर्जा आणि मग संख्या, हा नेहमीचा क्रम त्यात विस्कटला, अशी कबुली त्यांनी दिली. ही कबुली प्रांजळ होती. ऑक्टोबरमध्ये आली असती तर तिला नेतृत्व म्हटले गेले असते. फेब्रुवारीत समितीने बोलावल्यावर आल्याने ती जबानी ठरली.

नुकसान कसे मोजायचे

लौकिकाचे मोजमाप विक्रीच्या आकड्यांवरून करण्याची पद्धत आहे आणि ती अर्धवट आहे. अमेरिकेतील टोयोटाची विक्री मागील वर्षाच्या तुलनेत जानेवारी २०१० मध्ये १६ टक्क्यांनी आणि फेब्रुवारीत सुमारे ९ टक्क्यांनी घसरली. मार्चमध्ये ती ४१ टक्क्यांनी वाढली. एवढ्यावरून संकट दोन महिन्यांत संपले असे म्हणता येईल, पण मार्चची वाढ शून्य टक्के व्याजाच्या कर्जावर उभी होती, आणि ज्या कंपनीच्या गाड्या फारशा सवलतींशिवाय खपत तिने असे कर्ज द्यावे, यातच पडलेला फरक दिसतो. वर्षअखेरीस अमेरिकेची एकूण बाजारपेठ ११ टक्क्यांनी वाढली असताना टोयोटाची विक्री ०.४ टक्क्याने उतरली. तिचा बाजारातील वाटा २००९ मधील १७ टक्क्यांवरून १५.२ टक्क्यांवर आला. २०११ मध्ये तो आणखी खाली गेला, तथापि त्या वर्षीची घसरण मुख्यतः जपानमधील भूकंप आणि त्सुनामीनंतर थांबलेल्या उत्पादनाची आहे आणि ती रिकॉलच्या खाती टाकणे योग्य होणार नाही.

प्रतिस्पर्धी गप्प बसले नव्हते. सरकारी पैशावर दिवाळखोरीतून नुकतीच बाहेर आलेली जनरल मोटर्स जानेवारीतच टोयोटाच्या मालकांना गाडी बदलण्यासाठी १,००० डॉलरची सूट देऊ लागली होती. अमेरिकी सरकार तेव्हा जनरल मोटर्सचे बहुसंख्य भागधारक होते, त्यामुळे नियामकांच्या कठोरपणात हितसंबंध पाहणारेही अनेक होते. हा संशय पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही. पण कंपनीच्या स्वतःच्या कागदांनी त्याला फार जागा ठेवली नाही.

दर्जाच्या पाहणीतील आकडे मात्र अधिक विचार करायला लावणारे आहेत. नवी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांत मालकांनी नोंदवलेल्या अडचणींवर आधारलेल्या जे. डी. पॉवरच्या प्राथमिक दर्जा पाहणीत टोयोटा २००९ मध्ये ६ व्या क्रमांकावर होती. २०१० मध्ये ती एकदम २१ व्या क्रमांकावर, उद्योगाच्या सरासरीच्याही खाली गेली आणि २०११ मध्ये पुन्हा ७ व्या क्रमांकावर आली. कारखाने तेच होते आणि गाड्याही बव्हंशी त्याच. एका वर्षात गाड्यांचा दर्जा इतका ढासळला आणि पुढच्या वर्षात इतका सावरला, असे मानणे मला अवघड जाते. मालकांची नजर बदलली होती, हे स्पष्टीकरण जास्त पटते. पूर्वी ज्या किरकोळ आवाजाकडे किंवा थरथरीकडे टोयोटाचा मालक दुर्लक्ष करी, तीच गोष्ट २०१० च्या वसंतात त्याने तक्रार म्हणून लिहून दिली असावी.

तंत्राचा निकाल आणि वर्तनाचा निकाल

दोष मॅटचा किंवा पेडलचा नसून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा आहे, असा आरोप दरम्यान जोर धरत होता. एनएचटीएसएने नासाच्या अभियंत्यांची मदत घेतली. त्यांनी १० महिने काम केले, सॉफ्टवेअरच्या २,८०,००० हून अधिक ओळी तपासल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्ये, गाडी अचानक भरधाव सुटण्यामागे इलेक्ट्रॉनिक कारण सापडले नाही, असा निष्कर्ष जाहीर झाला. त्याआधी अपघातग्रस्त ५८ गाड्यांमधील नोंदयंत्रे तपासली तेव्हा ३५ गाड्यांत ब्रेक दाबलेलाच नव्हता, म्हणजे बऱ्याच प्रसंगी चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर पडला असावा, असे दिसले होते. २०१३ मध्ये ओक्लाहोमातील एका ज्यूरीने मात्र २००५ च्या कॅमरीच्या सॉफ्टवेअरवर ठपका ठेवला आणि तांत्रिक वाद पूर्णपणे मिटला नाही.

तरीही एकूण पाहता सर्वांत भयंकर आरोपातून कंपनी सुटली. एखाद्या कंपनीचा लौकिक केवळ अभियांत्रिकीवर अवलंबून असता तर २०११ मध्ये हे प्रकरण संपायला हवे होते. तसे झाले नाही. उशिरा माहिती देण्याबद्दल एप्रिल २०१० मध्ये तिने १.६४ कोटी डॉलरचा, त्या काळातील कमाल दंड भरला होता आणि डिसेंबरात आणखी ३.२४ कोटी भरले. १९ मार्च २०१४ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीत तिने १२० कोटी डॉलर भरण्याचे आणि तीन वर्षे स्वतंत्र देखरेखीखाली राहण्याचे मान्य केले. त्या तडजोडीसोबतच्या निवेदनात कंपनीने कबूल केले की तिने ग्राहकांची दिशाभूल केली. मॅटचा प्रश्न सुटला असे सांगताना तोच धोका असलेल्या काही गाड्या यादीबाहेर ठेवल्या. आणि अमेरिकेतील पेडलमध्ये ठरवलेला बदल रद्द करताना त्याची लेखी नोंद ठेवू नये, अशी सूचना कर्मचाऱ्यांना व पुरवठादाराला दिली. धागा तुटल्यावर थांबणाऱ्या मागाच्या वारसदारांनी तुटलेल्या धाग्याची नोंद पुसावी, हे वाचताना अभियंता असलेल्या कोणालाही वाईट वाटेल.

कंपनीने काय बदलले

मार्च २०१० मध्ये अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली जागतिक दर्जा समिती बसली, प्रत्येक प्रदेशासाठी दर्जाचा एक प्रमुख अधिकारी नेमला गेला, आणि नव्या गाडीच्या विकासात दर्जा तपासणीसाठी चार आठवडे वाढवण्यात आले. अमेरिकेत तक्रार येताच थोडक्या वेळात गाडीपर्यंत पोहोचणारी पथके तयार झाली. यातील बहुतेक उपाय अपेक्षितच होते.

माजी वाहतूक मंत्री रॉडनी स्लेटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सल्लागार मंडळाने मे २०११ च्या अहवालात केलेली दोन निरीक्षणे अधिक मोलाची आहेत. पहिले असे की टोयोटा आतून आलेली टीका सुधारणेची संधी मानते, पण बाहेरून, म्हणजे ग्राहक, नियामक किंवा माध्यमांकडून आलेली टीका संशयाने पाहते. दुसरे असे की ती सुरक्षिततेला दर्जाचाच एक भाग समजत आली. गाडी ठरवलेल्या मापांनुसार बनली म्हणजे ती सुरक्षित आहे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला. सँटीच्या गाडीतील पेडल मापाप्रमाणेच होते आणि मॅटही तिच्या स्वतःच्या गाडीसाठी अचूक होती. दोन्ही एकत्र आल्यावर काय होईल, हा प्रश्न दर्जाच्या तपासणीपत्रकात कुठेच नव्हता.

भारतीय वाचकासाठी एवढे नमूद करायला हवे की आपल्याकडे जुलै २०१२ पर्यंत रिकॉलसाठी उद्योगाची स्वेच्छासंहिताही नव्हती. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. अनेक कंपन्या आजही सर्व्हिसला आलेल्या गाडीतील सदोष भाग गुपचूप बदलून देण्याचा मार्ग पत्करतात, कारण रिकॉलची बातमी म्हणजे बदनामी असे त्यांना वाटते. टोयोटाचे प्रकरण या समजुतीला फारसा आधार देत नाही.

न्याय विभागाशी तडजोड झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, ९ एप्रिल २०१४ रोजी, टोयोटाने पाच वेगवेगळ्या दोषांसाठी जगभरातील सुमारे ६४ लाख गाड्यांचे रिकॉल एकाच दिवशी जाहीर केले. संख्येने ते जानेवारी २०१० मधील अमेरिकेतल्या रिकॉलच्या अडीच पटींहून मोठे होते. त्या वर्षी तिची अमेरिकेतील विक्री सुमारे ६ टक्क्यांनी वाढून २३.७ लाखांवर गेली आणि जगातील पहिला क्रमांकही तिच्याकडेच राहिला. याचे सगळे श्रेय वेळेवर बोलण्याला देता येत नाही, कारण त्याच महिन्यात इग्निशन स्विचच्या दोषाबद्दल अमेरिकी संसदेपुढे जनरल मोटर्सची झाडाझडती चालू होती आणि माध्यमांचे लक्ष तिकडे लागले होते. पण या वेळी पाचही दोषांची यादी, गाड्यांची संख्या आणि उत्पादनाची वर्षे पहिल्यांदा कंपनीच्याच निवेदनातून लोकांना कळली.